पदक पोराचं, ओझं कुणाचं?

मागच्या वर्षी जयंतीला आमच्या वस्तीच्या कमानीशेजारी एक फ्लेक्स लागला होता. वर बाबासाहेब, खाली ओळीने कार्यकर्त्यांचे फोटो आणि मधोमध गळ्यात पदक घातलेला तेरा वर्षांचा एक पोरगा. शालेय कुस्ती स्पर्धेत तो जिल्ह्यात पहिला आला होता. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘समाजाचा वाघ’. हा मजकूर आम्हीच लिहिला होता. वर्गणीही आम्हीच काढली होती.

यंदा तो तालुक्यालाच हरला. फ्लेक्स लागला नाही. दर रविवारी विहारात वंदनेला पहिल्या रांगेत बसणारा पोरगा यायचा बंद झाला. महिनाभराने आम्ही त्याच्या घरी गेलो. वडील सेंट्रिंगच्या कामाला जातात, आई चार घरची धुणीभांडी करते. तालमीच्या फीसाठी आणि खुराकासाठी आईने बचत गटातून कर्ज उचललं होतं आणि त्याचे हप्ते अजून चालू होते. पोरगा हरल्यावर वडील दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. आम्ही वडिलांना समजावून सांगायला लागलो, तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या पोराने आम्हालाच विचारलं, “दादा, मी हरलो म्हणून मंडळातली माणसं पण बोलत नाहीत का?”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. वडिलांना शहाणपण शिकवायला गेलेलो आम्ही गप्प बसलो. घरावर पावसाळ्यात पत्रा गळतो म्हणून मागच्या वर्षीचाच फ्लेक्स अंथरला होता. त्यावरचा वाघ पावसाने पुसट झाला होता.

मित्रांनो, हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी लिहितो आहोत. आपल्या पोरांच्या खेळात दोन ओझी घुसली आहेत. एक भाकरीचं, म्हणजे पोरगं जिंकलं तर घर वर येईल. दुसरं अस्मितेचं, म्हणजे पोरगं जिंकलं तर समाजाची मान उंच होईल. पहिलं ओझं व्यवस्थेने लादलं आहे आणि त्याविरुद्ध लढायचंच आहे. दुसरं ओझं मात्र आपण चळवळवाले लोक लादतो, आणि ते उतरवणं आजपासून आपल्या हातात आहे.

आम्ही कराडचे. कराडमध्ये खेळाचा विषय निघाला की तो गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांपाशी येतोच. १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांना हेलसिंकीला जाता यावं म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ही गोष्ट आपल्या भागातल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. पदक घेऊन आल्यावर कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हेही पाठ आहे.

आपण ही गोष्ट अभिमानाने सांगतो. खर्डेकर सरांचं मन मोठं होतंच. पण या गोष्टीत एक प्रश्न दडलेला आहे आणि तो आपण कधी विचारत नाही. देशासाठी खेळणाऱ्या माणसाला देशाने पाठवायचं की एका मास्तरने घर गहाण टाकून? पुढे खाशाबा पोलीस खात्यात लागले, १९८४ साली अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. गावात कुस्ती संकुल उभारण्याचं आश्वासन मिळालं, ते इतकं रखडलं की २०१७ साली कुटुंबाने पदक लिलावात काढण्याचा इशारा दिला. आता शासन त्यांच्या जन्मदिवशी, १५ जानेवारीला राज्य क्रीडा दिन साजरा करतं. चांगलंच आहे. पण गहाणवटीची ती गोष्ट संपलेली नाही. फरक एवढाच की आता प्राचार्याच्या जागी आईबाप आहेत.

साताऱ्याची अदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड धनुर्विद्येत जगज्जेती झाली, तेव्हा ती १७ वर्षांची होती. तिच्या सरावासाठी वडिलांनी कर्ज काढलं होतं, हे तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. वडील शिक्षक, आईही शासकीय नोकरीत. दोन पगार येणाऱ्या घराला जिथे कर्ज काढावं लागतं, तिथे हजेरीवर काम करणाऱ्या घराचं काय होत असेल? अदिती जिंकली म्हणून ते कर्ज बातमीत ‘त्याग’ ठरलं. जी पोरं जिंकली नाहीत, त्यांच्या घरचं कर्ज नुसतं कर्जच राहिलं. त्याची बातमी कुणी करत नाही.

फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांच्या नजरेत भरला, शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, सैन्यात लागला आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताकडून तिरंदाजीत उतरला. आम्हाला या दोन उदाहरणांतला फरक महत्त्वाचा वाटतो. प्रवीणच्या घरी गहाण ठेवायलाही काही नव्हतं. तो पुढे गेला, कारण वाटेत सरकारी शाळा होती, जागरूक शिक्षक होता आणि शासनाच्या खर्चाने चालणारी निवासी प्रबोधिनी होती. गरिबाच्या पोराला खेळात वर आणते ती सार्वजनिक व्यवस्था. पण ‘जिद्द असेल तर सगळं होतं’ असं सांगून आपण त्या व्यवस्थेला मोकळं सोडतो आणि सगळा भार पोराच्या जिद्दीवर टाकतो.

मग आईबाप हे का करतात? त्यांना दोष देणं सोपं आहे. शहरी मध्यमवर्गात ‘मुलांवर दबाव टाकू नका’ अशी व्याख्यानं होतात, ती ऐकायलाही बरी वाटतात. पण आमच्या वस्तीतला बाप काय हिशेब मांडतो ते पाहा. सरकारी भरती आटली आहे. जी निघते ती कंत्राटी, आणि कंत्राटी कामात आरक्षण नावालाही उरत नाही. पोराला इंजिनिअर करायचं तर लाखांत फी. अशा वेळी त्याला कळतं की खेळाडूंसाठी शासकीय नोकरीत पाच टक्के जागा राखीव आहेत आणि दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. पोलीस भरतीला दहा वर्षं घासलेली गावातली पोरं तो रोज पाहतो. त्याला वाटतं, एवढाच एक दरवाजा उघडा आहे. तो पोराला तालमीत घालतो ते हौस म्हणून नव्हे, घरातलं होतं नव्हतं ते सगळं त्या एकाच डावावर लावतो.

पिएर बोर्दिय या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने दाखवलं आहे की वरचे वर्ग शरीराकडे जोपासण्याची गोष्ट म्हणून पाहतात आणि कष्टकरी वर्ग साधन म्हणून. आपल्याकडे याला जातीची जोड आहे. ज्यांचं शरीरच पिढ्यानपिढ्या राबवलं गेलं, त्यांच्या पोरांनी पुन्हा शरीराच्याच जोरावर सुटका शोधायची. बाबासाहेबांनी आपल्या हातात पुस्तक दिलं ते याच चक्रातून बाहेर काढायला. तालमीसाठी आठवीतच ज्याची शाळा मागे पडली, त्या पोराचा गुडघा निकामी झाला तर त्याच्याकडे उरतं काय?

आणि हा दरवाजा किती अरुंद आहे तेही बघा. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशी शालेय स्पर्धेची उतरंड आहे. प्रत्येक पायरीवर एका वजन गटातून एकच पुढे जातो. म्हणजे तालमीतल्या बहुतेक पोरांच्या वाट्याला हरणं ठरलेलंच असतं. तो त्यांचा दोष नसतो, स्पर्धेचं गणितच तसं आहे. आपण मात्र प्रत्येक घराला सांगतो की तुमचा पोरगाच पहिला येणार.

या गणिताचा दाब कुठे जातो? पोरांच्या शरीरात. कुस्तीत वजन तोडणं म्हणजे काय हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. स्पर्धेच्या आधी दोन दिवस पाणी बंद, भाकरी बंद, अंगावर प्लास्टिक घालून पळायचं, घाम काढायचा. २०२४ साली पॅरिसमध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅमसाठी अपात्र ठरली तेव्हा सगळा देश हळहळला. ती प्रौढ खेळाडू होती, तिच्यामागे डॉक्टर होते. आपल्याकडे तेरा-चौदा वर्षांची, वाढीच्या वयातली पोरं हेच करतात, तेही कुणाही डॉक्टरच्या नजरेआड. १९९७ साली अमेरिकेत अवघ्या पाच आठवड्यांत तीन कॉलेजवयीन मल्ल वजन उतरवताना मेले. त्यानंतर तिथल्या विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेने नियमच बदलले. आपण कशाची वाट बघतो आहोत?

दुसरा दाब वयाचा. दाखल्यावर वय कमी करायचं, म्हणजे खालच्या गटात खेळता येतं. केंद्र सरकारला २०१० साली यासाठी वयचोरीविरोधी संहिता आणावी लागली, यावरून हा रोग किती पसरला आहे ते कळावं. यात पोराला काय शिकायला मिळतं? आपला जन्म खोटा सांगितला तरच आपण जिंकू शकतो, हे.

तिसरा दाब गप्प बसण्याचा. ‘वस्ताद बोलले तर उलट बोलायचं नाही’ ही शिस्त तालमीत, मैदानात, अकॅडमीत सगळीकडे आहे. मारहाण झाली तरी घरी सांगायचं नाही, कारण नाव वगळलं जाईल. मुलींच्या बाबतीत हे गप्प बसणं किती धोक्याचं आहे ते दिल्लीत जंतरमंतरवर २०२३ साली बसलेल्या महिला मल्लांनी देशाला दाखवलं. पदकं जिंकलेल्या त्या बायकांनाही रस्त्यावर बसल्याशिवाय कुणी ऐकलं नाही. मग वस्तीतल्या बारा वर्षांच्या मुलीने कुणाकडे जायचं? त्यात आडनाव विचारलं जातं. ‘कुठल्या गल्लीतला रे तू?’ या प्रश्नाचा अर्थ आपल्या पोरांना लहानपणीच कळतो. सगळीकडे असं होतं असं आम्ही म्हणत नाही. जात न बघता पोरं घडवणारे वस्तादही आम्ही पाहिले आहेत. पण ज्या पोराला आधीच आपण उपरे आहोत असं वाटतं, ते पोर तक्रार करायला सगळ्यात शेवटी तोंड उघडतं.

आता आपल्याकडे वळू. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडे या १५ वर्षांच्या मुलाने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. वडील रिक्षाचालक. देशभर जल्लोष झाला. मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. काही महिन्यांनी पश्चिम विभागाच्या १६ वर्षांखालील संघात सचिन तेंडुलकरचा मुलगा दिसला आणि प्रणव दिसला नाही. आपल्या ग्रुपांवर पोस्टचा पाऊस पडला. एकलव्याचा अंगठा, द्रोणाचार्य, रिक्षावाल्याचा पोरगा. आम्हीही त्या पोस्ट फॉरवर्ड केल्या. नंतर कळलं की विभागीय संघ राज्यांच्या १६ वर्षांखालील संघांतून निवडला जातो आणि प्रणव तेव्हा मुंबईच्या त्या संघात नव्हताच.

निवड समित्यांत वशिला नसतो, जात नसते, असं आम्हाला म्हणायचं नाही. ती लढाई खरी आहे. पण त्या मुलाला आम्ही विचारलं होतं का, तुला एकलव्य व्हायचं आहे का म्हणून? ज्या सामन्यात त्याने त्या धावा केल्या, त्यात समोरचा संघ त्याच्याहून लहान पोरांचा होता, हे त्याला स्वतःला माहीत होतं. एका खेळीवरून सगळ्या देशाने त्याच्याकडून पुढची हजार मागायला सुरुवात केली. फॉर्म गेला. २०१७ साली त्याच्या वडिलांनी स्वतः पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबवायला सांगितलं. रिक्षा चालवणाऱ्या माणसाने दरमहा दहा हजार नाकारले, यात त्यांचा स्वाभिमान तर आहेच, पण त्या घरावर किती दाब आला असेल तेही त्यात दिसतं. जल्लोष करणारे आणि एकलव्याच्या पोस्ट टाकणारे, दोघेही तोवर पुढच्या विषयाकडे गेलो होतो.

एकलव्याचा अंगठा मागणारा गुरू आपण ओळखला. पण आपणही पोराकडे काहीतरी मागतच असतो. समाजासाठी जिंक, बाबासाहेबांसाठी जिंक, बापाच्या कर्जासाठी जिंक. तेरा वर्षांच्या जिवाला यातलं एकही मागणं नाकारता येत नाही.

काही कार्यकर्ते म्हणतील, हे लोक आपल्या पोरांनाच मागे खेचायला निघाले. प्रतिनिधित्व नको का? खेळाच्या मैदानावर आपली माणसं दिसायला नकोत का? हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले, या देशाचे पहिले मोठे फिरकी गोलंदाज. पुण्यात संघातले सहकारी त्यांना चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, पॅव्हेलियनच्या बाहेर देत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. १९२० साली त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी अन्यायाविरुद्ध संघातून माघार घेतली, आणि १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. खेळातलं प्रतिनिधित्व हे असं लढून मिळालेलं आहे. ते कमी लेखण्याचा प्रश्नच नाही.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. ही लढाई लढली ती मोठ्या माणसांनी, परिणाम काय होतील ते समजून, स्वतःच्या निर्णयाने. ती त्यांनी आपल्या पोरांवर ढकलली नाही. आणि दुसरी गोष्ट. १९३७ च्या निवडणुकीत याच बाळूंना काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं. बाबासाहेब जिंकले. मैदानावरच्या नावलौकिकाने समाजाची मुक्ती होत नाही, उलट तो नावलौकिक कुणीही वापरून घेऊ शकतं, हे तेव्हाच्या मतदारांना कळलं होतं. आपल्याला फ्लेक्स छापताना कळत नाही.

मग मार्ग काय? पाली साहित्यात सोण कोळिविस नावाच्या भिक्खूची कथा आहे. श्रीमंत घरातला, सुकुमार. साधनेच्या ध्यासाने तो इतका चालला की पायांतून रक्त यायला लागलं. मन निराश झालं, चीवर सोडून घरी जावं असं त्याला वाटायला लागलं. तथागत त्याच्याकडे आले. सोण पूर्वी वीणा वाजवायचा. त्यांनी विचारलं, तारा फार ताणल्या तर सूर लागतो का? फार सैल सोडल्या तर लागतो का? सोणला समजलं. इथवरची कथा आपण प्रवचनात ऐकतो. पुढचा भाग कमी सांगितला जातो. तथागतांनी त्याला पायात वहाणा घालायची परवानगी दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नको, संघातल्या सगळ्यांना द्या. मग नियमच बदलला आणि सर्व भिक्खूंना वहाणा मिळाल्या.

आमचं म्हणणं या कथेत आलं आहे. तार ताणू नका, हा उपदेश आईबापांना. पण नुसत्या उपदेशाने पाय बरे होत नाहीत. वहाणा द्याव्या लागतात, आणि त्या एकाला नव्हे, सगळ्यांना. नॉर्वेमध्ये लहान मुलांच्या खेळाचे हक्क लेखी आहेत. अकरा वर्षांच्या आत गुणतक्ते आणि क्रमवारी लावायची नाही, तेरा वर्षांच्या आत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. तरीही हिवाळी ऑलिम्पिकच्या पदकतक्त्यात तो चिमुकला देश सगळ्यांच्या वर असतो. आपण संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९९२ साली मान्य केला. त्याच्या ३१ व्या कलमात विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हटला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण हवं असं लिहिलं आहे. कराडमधल्या, सातारा-सांगलीतल्या किती वस्त्यांजवळच्या शाळांना ते आहे, हे मोजायला आपण एकदा तरी गेलो आहोत का?

म्हणून पोराने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर म्हणून आम्ही आमच्या गटात काही गोष्टी ठरवल्या आहेत. चौदा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा फ्लेक्स लावायचा नाही, जिंकला तरी नाही. जयंतीला सत्कार करायचा तर खेळणाऱ्या सगळ्या पोरांचा, हरलेल्यांसकट. तालमीत किंवा अकॅडमीत जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या शाळेची हजेरी दर महिन्याला बघायची. शाळा सुटत असेल तर आधी शाळा. वजन तोडणं, मारहाण, अंगचटीला येणं यातलं काही कानावर आलं तर ‘वस्तादांचं नाव खराब होईल’ म्हणून दाबायचं नाही. पोक्सो कायदा २०१२ पासून आहे, तो वापरायचा. शाळांच्या क्रीडांगणांची माहिती अधिकारात यादी काढायची. आणि वस्ती सुधारणेच्या निधीतून दरवर्षी काँक्रीटचा रस्ता आणि कमान मागण्याऐवजी एकदा मैदान आणि पगारी प्रशिक्षक मागायचा. ही शेवटची मागणी सगळ्यात अवघड आहे, कारण कमानीवर नाव कोरता येतं, मैदानावर येत नाही.

आपल्याकडच्या जत्रेत अजूनही रेवडीवरच्या कुस्त्या होतात. मोठ्या मल्लांची जोड लागायच्या आधी चिमुरडी पोरं लाल मातीत उतरतात, लोळतात, हसतात, आणि जिंकलेल्यालाही रेवड्या मिळतात, हरलेल्यालाही. तिथून पुढे त्यातलं कुणी हेलसिंकीला गेलं तर बैलगाड्या आम्हीच जुंपू. कुणी गेलं नाही तरी त्याने मातीत खेळावं, शाळेत जावं आणि रविवारी विहारात यावं.

तो पोरगा गेल्या रविवारी आला होता. मागच्या रांगेत बसला. वंदना झाल्यावर आम्ही त्याच्याशी बोललो, पण कुस्तीवर नाही. बाहेर बाकीची पोरं विटीदांडू खेळत होती. त्याने थोडा वेळ उभं राहून बघितलं आणि मग त्यांच्यात गेला.

जय भीम.